रॉ मध्ये काढलेलं लग्न

१२ मे, सकाळी

सेलूत नुसत्या रॉ फाईलमध्ये लग्न काढणारा पहिला फोटोग्राफर मीच. काल सिद्ध झालं. धम्मानंद सरांच्या सुकेशनीचा मंगल परिणय. नवा कॅमेरा, जेपीजी बंद. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला अख्खा कच्चा माल, जेपीजी म्हणजे शिळी भाजी. वंदना सुरू व्हायच्या आधी माईकवर सांगून टाकलं, एकानंही मोबाईल काढायचा न्हाई, माझ्या फ्रेममध्ये हात येतेत. सगळ्यांनी मुकाट खिशात घातले. असा वचक पाहिजे.

सरांची आई पंचफुलाआजी आजारी, खाटेवरच. लग्नाला येता आलं न्हाई. नातीला नवरीच्या पांढऱ्या साडीत बघायचंय म्हणती. सरांना शब्द दिला, परवा फोटो घरपोच.

१३ मे

फाईली उघडंनात. सॉफ्टवेअर म्हणतंय, हा प्रकार ओळखीचा न्हाई. अरे, ह्याच सॉफ्टवेअरवर मी पंधरा वर्षं अख्ख्या तालुक्याच्या नवऱ्या गोऱ्या केल्या! कॉम्प्युटर तापला असंल. टेबलफॅन लावला.

१४ मे, दुपारी

फॅननं काही झालं न्हाई. मग डोकं चालवलं. फाईलच्या नावामागचं रॉचं शेपूट काढून जेपीजी लिहिलं. चिन्ह लगेच बदललं! उघडल्यावर मात्र ‘फाईल खराब आहे’. मनिषा म्हणली, मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं तर चहा गोड होतोय का. बायकोला टेक्निकल काय कळतंय.

१६ मे

सर दुकानात. लय सभ्य माणूस. आई सारखी विचारायलीय म्हणले, एखादा तरी फोटो द्या. म्हणलं, सर, कलर करेक्शन चालूय, कच्चा माल आमी गिऱ्हाइकाला देत नसतो. मग म्हणले, कॅमेऱ्याच्या पडद्यावरच दाखवा तिला घटकाभर. एवढ्याशा पडद्यावर? माझ्या कामाची काय इज्जत राहील? थेट बारा बाय अठराची प्रिंट देतो म्हणलं. खूश झाले असतील. चहा न घेताच उठले.

१७ मे

परभणीच्या आदिनाथला फोन. माझ्याच हाताखाली शिकलेला. एका मित्राची अडचण म्हणून विचारलं. म्हणला, काका, तुमचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यापेक्षा लय जुनं हाय. फुकटचा कन्व्हर्टर मिळतो, त्यातून फाईली बदलून घ्या, मग तुमच्या जुन्यात बी उघडतील. न्हाईतर इकडं आणा. मित्राचं नावसुद्धा विचारलं न्हाई. आगाऊ.

मी जाऊ आदिनाथच्या दारात? आणि फुकटात काय क्वालिटी येती?

१९ मे

कन्व्हर्टर टाकून बघितला, केवळ अनुभव म्हणून. माझ्या विंडोजवर बसंना. विंडोज बदलली तर माझं सॉफ्टवेअर जाणार, सीडी कधीच हरवलीय. तेवढ्यात लाईट गेली. बरंच झालं, सरांना सांगायला कारण मिळालं.

२१ मे

नांदेडहून, सासरवरून सुकेशनीचा फोन. रडायली. काका, आजी आता माणसं ओळखंना झाली, काहीतरी करा. उद्या नक्की म्हणलं. ठरलं तर मग. उद्या पहिल्या गाडीनं आदिनाथकडं. इज्जत गेली खड्ड्यात.

२२ मे

पोखर्णीला बारशाची ऑर्डर निघाली. आयत्या वेळी कुणाला न्हाई कसं म्हणावं? आदिनाथ काय पळून जायलाय का. सरांचे दोन फोन. उचलले न्हाईत, सरप्राइज द्यायचंय.

२३ मे, संध्याकाळी

सकाळी आदिनाथकडं. चहा यायच्या आत फाईली उघडल्या. काय शार्पनेस, काय रंग! त्यानं सगळ्या जेपीजी करून पेनड्राईव्हवर दिल्या. मोठी प्रिंट काढली, गुंडाळी करून थेट सरांच्या घरी. दारात चपलाच चपला. आजी पहाटे गेली.

सरांनी जयभीम घातला, प्रिंट हातात घेतली, न उघडता कोपऱ्यात उभी केली. सुकेशनी आतच होती, बाहेर आली न्हाई. मला तिथं कुठं उभं राहावं कळंना.

२५ मे

अल्बमसाठी फोटो निवडायलोय. कामात मन गुंतवलेलं बरं. निम्मे फोटो बाद करावे लागणार. पोरगी नवऱ्याकडं बघायचं सोडून सारखी थेट कॅमेऱ्यात बघून हासायलीय. तेव्हा दोनदा दटावलं होतं तिला, इकडं बघू नको, नॅचरल राहा. ऐकलं न्हाई. डिलीट करायलो होतो, तेवढ्यात मनिषा मागं येऊन उभी राहिली. म्हणली, ठेवा ते. ती आजीकडं बघायलीय.