आबा, तुम्ही पळत होतात कशाला?

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्हाला वाचता येत नव्हतं. बारामतीहून मी पत्र धाडणार, ते आपला धाकटा बिरू वाचणार आणि त्याला पटेल तेवढंच तुम्हाला सांगणार, म्हणून मी कधी लिहिलंच नाही. आता ती अडचण उरली नाही. आता तुमच्या-माझ्यामध्ये वाचून दाखवणारा कुणी नको.

उद्या तुमचा दहावा. डाळजच्या पाण्याकाठी मांडव पडेल, माइक लागेल, गावोगावची माणसं उठून श्रद्धांजली वाहतील. घरच्यांच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. बाईमाणसानं घाटावर बोलावं का, यावर थोडी कुजबुज झाली, पण ती लवकर मिटली. दारूच्या दुकानापुढं उभी राहून बोललेली बाई आहे मी. हुंडा घेणाऱ्याच्या मांडवात जाऊन बोलले आहे. शब्द मला कधी कमी पडले नाहीत. आणि आज दुपारपासून कोरा कागद घेऊन ओसरीवर बसले आहे! कारण लोकांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि ते मला माहीत नाही.

आबा, साठी उलटल्यावर तुम्ही पळायला का लागलात?

हसू नका. गावाकडं उत्तरं तयार आहेत. आई गेल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता, असं काही जण म्हणतात. पळून पळूनच गेला, असं बाकीचे म्हणतात. तुम्ही तापानं आठवडाभर अंथरुणात होतात, पळणं सोडा, दारापर्यंतही गेला नव्हतात, आणि पहाटे झोपेतच गेलात. पण एवढं ऐकायला कुणाला वेळ आहे?

बिरू मात्र पहिल्या उत्तराला घाबरलाय. सकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, उद्या माइकवर सांगून टाक, डॉक्टरनं सांगितलं हुतं म्हणून पळत हुते. शुगर हुती म्हणावं."

"आबांना शुगर नव्हती."

"आगं, आता कोन तपासायला जातंय? घरात येडेपणा हाय म्हणले, तर माझ्या दोन पोरी कोन करून घेणार?"

मी म्हटलं, खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, "मग खरं काय ते तरी सांग." तिथं माझं तोंड बंद झालं. तुमच्या मुलीचं तोंड बंद करणारा आजवर तालुक्यात जन्मला नव्हता, तो घरातच निघाला!

म्हणून मी पहिल्यापासून आठवत बसले आहे. याची सुरुवात केकपासून झाली ना?

बिरूच्या धाकटीच्या वाढदिवसाला मी बारामतीच्या बेकरीतून केक आणला होता. सगळे त्यावरचं गुलाबी फूल बघत होते. तुम्ही तुमचा तुकडा घेऊन दारात गेलात, उजेडात धरलात, डोळा बारीक करून आत बघितलंत.

"सगू, ह्याला भोकं कुणी पाडली?"

मग मी सुरू झाले. सोडा, त्याचा वायू, उष्णता, बुडबुडे. पाठ्यपुस्तकातलं सगळं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "बरं. पन पडताना कुणी बघितली का?"

कुणीच बघितली नव्हती, आबा. मीसुद्धा नाही. मी फक्त वाचली होती.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मैदा, अंडी, साखर आणि सोडा जमवलात. मेंढरांबरोबर रानोमाळ हिंडताना तुम्ही गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायचात. केकही त्याच जातीचा असणार, असं तुम्ही ठरवलंत. तुमची सून शेवंतावहिनी ओरडत होती, "आवं आबा, अंडी घातलीत त्यात! रोडगा न्हाय त्यो!" तुम्ही ते सरसरीत पीठ पळसाच्या पानात गुंडाळून थेट निखाऱ्यात पुरलंत. वरून कोळसा निघाला, आतून खीर. कुत्र्यापुढं टाकलंत, त्यानं वास घेतला आणि उठून सावलीत जाऊन बसलं. "त्यालाबी कळंना ह्ये काय हाय," तुम्ही म्हणालात. केवढ्या समाधानानं म्हणालात! जसं काही कुत्र्याचं मत घ्यायलाच केक केला होता.

मग मी सांगितलं, पातेल्यात वाळू तापवा, तिच्यावर डबा ठेवा, झाकण लावा. वाळू चाळून आणि वाळवून घ्यायची, हे वेगळं सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही पाण्याकाठची ओली वाळू आणलीत, शिंपल्यांसकट. थोड्या वेळानं चुलीवर फटाफट बार उडायला लागले. बिरू उसातून कोयता घेऊन धावत आला. त्याला वाटलं, कुणी बंदूक चालवली.

पण आबा, त्या दिवशी केक फुगत होता! मी बघितलाय. कडेनं चढत होता, मधोमध उंच होत होता. आणि तुम्ही दर घडीला झाकण उचलत होतात.

"सारखं उघडू नका, आबा! गार वारं लागलं की बसतो तो."

"आगं, उघडून बघितलं न्हाय तर फुगतंय ह्ये कळायचं कसं?"

"झाल्यावर कळेलच की!"

"झाल्यावर फुगल्याला दिसंल. फुगताना कुठं दिसतंय?"

केक बसला. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला, दाताखाली वाळू कचकचत होती, आणि वहिनी म्हणाली, "भाकरीपरास बरा हाय," पण तोंड वाकडं करून, म्हणजे वाईट होता. पुढं मी गोल ओव्हन आणून दिला, तर नेमकी अर्ध्यात वीज जायची. तुमच्या हातचा एकही केक धड झाला नाही. तरी तुम्ही करतच राहिलात. मी चिडून विचारायची, "कशासाठी?" तुम्ही माझ्याकडं असं बघायचात, जसं काही मी परक्या मुलखातलं बोलतेय.

आणि दिवाळीनंतर तुम्ही पळालात.

तो पहिला दिवस मी बघितला नाही याची हळहळ मला जन्मभर राहील. पहाटे धोतराचा काचा मारून तुम्ही उसाच्या कडेनं निघालात. आपल्या भागात मोठं माणूस कारणाशिवाय पळत नाही. पळतंय म्हणजे कुठंतरी ऊस पेटलाय. शेजारच्या गेनूतात्यांनी तुम्हाला बघितलं, घरात हाळी दिली आणि भिजवलेली पोती घेऊन चार माणसं तुमच्या मागं धावली. तुम्ही वळून बघितलंत. तुम्हाला वाटलं, ह्यांचंच काहीतरी पेटलंय! तुम्ही आणखी जोरात पळालात. ते आणखी जोरात. शेवटी सगळे हायवेला येऊन थांबले, कमरेवर हात ठेवून, जीव तोंडात आलेला, आणि एकमेकांना विचारायला लागले, "कुठं पेटलंय?"

"मला काय म्हाईत? तुमीच पळत हुता."

"आवं आबा, तुमच्या मागं पळत हुतो आमी!"

गेनूतात्या पुढं महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत. ओली पोती खांद्यावरून परत न्यावी लागली, याचा राग त्यांना जास्त होता.

मग एसटीची गोष्ट. तुम्ही हायवेच्या कडेनं पळताय, मागून इंदापूरची गाडी आली. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा गाडी धरायला धावतोय. भला माणूस, त्यानं करकचून ब्रेक दाबला. कंडक्टरनं दार उघडलं.

"चढा की लवकर, आबा!"

"मला न्हाय यायचं."

"मग पळताय कशाला?"

बघा, आज मला पडलेला प्रश्न त्या कंडक्टरला कधीच पडला होता! गाडीभर माणसं खिडकीतून डोकी काढून उत्तराची वाट बघत होती. आणि तुम्ही म्हणालात, "तुमी जावा म्होरं. मी मागनं येतो."

हे काय उत्तर झालं, आबा? तुम्ही चेष्टा करत होतात, की तुम्हालाही माहीत नव्हतं?

पळायला तुम्हाला येत नव्हतं, हे मात्र खरं. सुरुवातीलाच सगळा जोर लावायचात, वाटेवरच्या लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन कुशीत कळ आली की खाली बसायचात. मी बारामतीहून कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून तुम्ही एकदाच पळालात आणि काढून ठेवलेत. "पायाला रस्ता कळंना," म्हणालात. हळूहळू लिंब मागं पडला, मग ओढा मागं पडला. वहिनी आज रडतारडता सांगत होती, "पळून आलं की आबा भाकरी मागून घ्यायचं. सासूबाई गेल्यापास्नं कवा मागितली न्हवती." हे तरी तुमच्या पळण्याचं कारण होतं का? की फक्त परिणाम?

खरं सांगू? माझ्याकडंही एक उत्तर तयार होतं, आणि ते गावाच्या उत्तरांपेक्षा फार देखणं होतं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तुम्ही मेंढरं विकलीत. चरायची रानं उसाखाली गेली, माळ नांगरले गेले, मेंढरं घेऊन जायचं कुठं? त्यावर मी भाषण रचलं होतं. ज्या माणसाच्या पायाखालचं रान काढून घेतलं, तो आता रस्त्यावर धावतोय, असा त्याचा शेवट होता. सभा उठून उभी राहिली असती! ते भाषण खरं आहे. मी ते करणार आहे, जिथं करायला हवं तिथं, ज्यांना ऐकू जायला हवं त्यांच्यापुढं. पण ते तुमचं उत्तर आहे का? तुम्ही तर असं एक अक्षर बोलला नव्हतात.

बोललात ते एकदाच. गेल्या माघात मी सुट्टीला आले होते आणि सकाळी हायवेच्या मोरीच्या कठड्यावर बसून तुमची वाट बघत होते. तुम्ही धापा टाकत आलात, माझ्याशेजारी टेकलात. मी सुरू झाले. या वयात, थंडीत, ट्रकांच्या रस्त्यावर, लोक काय म्हणतात, बिरूला किती ऐकावं लागतं. माझं संपेपर्यंत तुम्ही थांबलात.

"सगू, तुला बोलून दम लागत न्हाय का गं?"

मला हसू आलं. मग तुम्ही आपणहून सांगितलंत.

"मेंढरापाशी पळायचं नसतंय. मानूस पळालं की मेंढरू बुजतं. एक बुजलं की समदी उधळत्यात, गाभणी असली तर पोटातलं जातंय. ल्हानपणी एकदा पळालो, तर बापानं काठीनं फोडून काढला. तवापास्नं चालतोच हाय. समदा मुलुख चाललो, पन पळालो न्हाय कवा." तुम्ही रस्त्याकडं बघत होतात. "आता बुजायला मागं कुणी न्हाय."

एवढं म्हणालात आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसलंत.

आबा, तो घाम होता का? की डोळे होते? सुटल्यासारखं वाटत होतं तुम्हाला, की रितं? तुमचा आवाज दमानं तुटत होता, त्यातून मला काही ओळखता आलं नाही. तुम्ही उठलात, "चल, च्या टाकला आसंल," म्हणालात आणि पळतच घराकडं गेलात. मी मागून चालत आले. तुम्हीही तेव्हा थोडं थांबायला हवं होतं! मुलीला असं अर्ध्यात सोडून कुणी पळतं का?

इथवर लिहिलं आणि बिरू पुन्हा आला. त्याला मी हे मेंढरांचं वाक्य सांगितलं. तो खांबाला टेकला.

"म्हंजी उद्या ह्ये सांगणार व्हय?"

"हेच. घाटावर निम्मी माणसं मेंढरामागं वाढलेली आहेत. त्यांना यात वेड दिसणार नाही."

"आन् ऱ्हायलेल्या निम्म्यांना दिसलं तर? पोरींचं काय?"

"ज्या घराला पळणारा आजा खुपतो, त्या घरात आपली पोरगी द्यायचीच नाही. असं घर आधीच कळलं तर बरंच. स्थळं बघायला मी येते तुझ्याबरोबर."

"तू नगं येऊस. आलेली बी पळून जात्याल," तो म्हणाला, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसला. मग जाताजाता थांबला. "ताई, मी बी कवा पळालो न्हाय गं. ऊस पेटल्यावरच काय ते."

आबा, उद्या मी उभी राहीन. केकची गोष्ट सांगेन, ओल्या पोत्यांची सांगेन, लोक घाटावर हसले तर हसू देईन. डॉक्टरचं नाव घेणार नाही. रान गेल्याचं भाषणही करणार नाही. तुमचं ते वाक्य तुम्ही बोललात तसंच बोलेन. कुणी विचारलं, आनंदानं पळत होते का दुःखानं, तर माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, मला माहीत नाही. आजवर हे तीन शब्द मी कुठल्याच सभेत उच्चारलेले नाहीत. उद्या उच्चारेन, आणि तुमच्या वाक्यापुढं माझ्या पदरचं काही न जोडता खाली बसेन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमची,
सगुणा