बाहेरच्या शिवणीचं झबलं

प्रिय आई,

तू गेल्यापासून पत्र टाकायला पत्ता नाही, तरी आज तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याचं पहिलं झबलं मोठ्यांच्या जुन्या कपड्यातून तूच शिवायचीस, तेही शिवण बाहेर ठेवून. नवं कापड बोचतं, आतली शिवण रुतते, म्हणायचीस. बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई ओरडायची, "अगं, उलटं घातलंस की!" मग तू ठसक्यात सांगायचीस, "उलटं नाही, बाळाचं आहे." बाबा पडले शिंपी, त्यांचा नुसता तिळपापड व्हायचा. "दुकानात असलं शिवलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल!" तरी प्रत्येक झबल्याचा गळा तेच गुपचूप नीट करून ठेवायचे.

बाबांनी आता अंथरूण धरलंय. कातडी इतकी नाजूक झालीय, की सदऱ्याची शिवणसुद्धा रुतते. बोलणं तर जवळजवळ बंदच. म्हणून परवा तुझी निळी चादर काढली, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, आणि त्यांना सदरा शिवला. शिवण बाहेर ठेवून. माझ्या हातून गळा वाकडा झालाच.

सकाळी नर्स आली नि हसली, "अगंबाई, आजोबांना सदरा उलटा घातलाय!"

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि स्पष्ट म्हणाले, "उलटा नाही. बाळाचा आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गळा वाकडा आहे. काढ, नीट करून देतो."

अजून गळा न जमलेली,
तुझी धाकटी