थळच्या हिराबाईचा उजवा सांधा

३ जुलै १९६२, अलिबाग
थळची हिराबाई दवाखान्यात आली. तोंडात एक बोट कसेबसे शिरते. दात निर्दोष. दोष उजव्या कानापुढच्या सांध्यात आणि त्याला ओढणाऱ्या स्नायूंत. पदरी तान्हे मूल, आणि ही केवळ पेजेवर. दूध आटत चालले आहे, असे खालमानेने म्हणाली. कागदावर चित्र काढले: बिजागरी, मधली चकती, ती कशी सरकते, एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूलाही कसा पोचतो. तिला चटकन उमगले! शेक, मऊ अन्न. दातांवर बसवायच्या पट्टीसाठी माप घेतले, दोघांचीही दमछाक.

१० जुलै
ॲक्रिलिकची पट्टी वरच्या दातांवर नेमकी बसली. झोपेत दात आवळले जाऊ नयेत म्हणून रात्री घालायची. नवरा महादू सोबत होता. म्हणाला, "डाक्टर, बोलती बंद ऱ्हाऊ द्या, खाती तेवढी चालू करा." हि.ने नुसते पाहिले. तो बाहेर जाऊन बसला.

१९ जुलै
शेजारच्या शीलाताई माहेरी आल्या आहेत. मुंबईच्या रुग्णालयात त्या व्यायामोपचार करतात. त्यांनी हि.च्या गालाचा स्नायू बोटांनी सैल केला. जीभ टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडायला शिकवले. दोन बोटे! मी आरसा धरला. घरी सौ.ला सगळे पुन्हा समजावले, भात निवेपर्यंत.

२७ जुलै
पुन्हा एक बोट. पट्टी घालते, व्यायाम करते, कडक काही चावत नाही. मूल रात्रभर रडते म्हणाली. माझ्या विचारात कुठे काय चुकते आहे?

२९ जुलै, रविवार
सायकलने थळला गेलो. ओटीवर हि. नवे जाळे विणत होती. गाठ झाली की दोरा उजव्या दाढांत धरून मानेला झटका.
मी थांबवले तर म्हणाली, "तुम्ही चावू नको बोललाव. मी चावत न्हाय, तोडतंय."
पूर्वीचे सूत तुटत असे. यंदा नायलॉन, तो ताणला जातो, तुटत नाही. मी कात्री मागितली. सासूने सांगितले, नवे जाळे दर्यावर जाईपर्यंत त्याला लोखंड लावायचे नाही. या घरात कधी लावलेले नाही.

५ ऑगस्ट
पुन्हा थळ. उदबत्तीच्या टोकाने नायलॉन अलगद तुटतो, हे करून दाखवले. सासूने जळका वास घेतला आणि तुकडा माझ्या हातातून काढून घेतला. जाळ्याला आग लावता का, म्हणाली. मग मी बिजागरीपासून आटत्या दुधापर्यंत सारे क्रमाने मांडले. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकले, मध्ये शंकाही विचारल्या.
"समाजला," म्हणाली. "पन होडीवर माझा पोर जातंय. तुम्ही न्हाय."
मी उदबत्ती विझवली. नारळी पौर्णिमा जवळ आली, अर्धे जाळे बाकी.
निघालो तेव्हा हि.ने खुणेने थांबवले. दोरा डाव्या दाढांत धरला, झटका दिला, आणि माझ्याकडे पाहिले. आता बरोबर ना, असे.