बिनचूक सांधा

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजचं तोंड न पाहता. रेडिओ दुरुस्त करता करता, जुन्या पुस्तकांतून मी प्रोग्रामिंग शिकलो, हे साहेबांना मुद्दाम ऐकवलं. काम गावातल्या रहिवाशांच्या नोंदींचं. प्रत्येक नोंदीत एका माणसाचं नाव आणि पुढची नोंद कुठे आहे तो पत्ता, बस्स. एकाने दुसऱ्याचा हात धरावा तशी साखळी. मागे वळायची सोय नाही. शिपाईमामांनी चहा आणून दिला. म्हणाले, आधीचा गडी काम अर्धवट टाकून पळाला, तुम्ही तरी टिका. घरी बायकोला साखळी समजावली. ती म्हणाली, कौतुक पुरे, आधी मटार सोला.

४ तारीख, मंगळवार
साखळीवरून चालणारा इटरेटर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिला. तो एका नोंदीवर बोट ठेवतो, विचारतो, पुढे कोणी आहे का? असेल तर बोट सरकवतो. रद्द नोंद दिसली की ती काढतो आणि मागच्याचा हात पुढच्याच्या हातात देतो. सांधा असा, की मधे कुणी होतं हे कळूच नये. पाठ थोपटायला दुसरं कोणी नव्हतं, मीच थोपटली. चाचणीपुरतं ‘रद्द नसली तरी काढ’ असं लिहून शिपाईमामांची नोंद काढली. उद्या परत घालीन.

५ तारीख, बुधवार
शिपाईमामा आले नाहीत. साहेबांना विचारलं. म्हणाले, अहो, इथे शिपाई कधी नव्हताच, चहा आपला आपण करायचा. दारापाशी त्यांचं स्टूल होतं, तेही गेलं. फरशीवर त्याच्या पायांचे डागसुद्धा नाहीत. नोंद परत घालायला बसलो, पण तिचा पत्ता आता कुणाकडेच नाही. काढण्याआधी तो टिपून ठेवायचा, हा पहिला धडा. मी विसरलो. मी!

६ तारीख, गुरुवार
चाचणीची ओळ पुसायची राहिली होती. आता पुसली जात नाही. वायर उपटली तरी पडद्यावर बोट सरकतंच आहे, सावकाश, एकेक नाव. कोपऱ्यावरचा न्हावी गेला. दुकान बंद नाही, दुकानच नाही. शिंपी आणि किराणावाला यांच्यामध्ये एकच भिंत. फटही नाही. माझाच सांधा. तो माझ्या नोंदीला लागेपर्यंतच मला हे आठवणार. साहेब म्हणाले, दगदग होतेय तुम्हाला, जरा पडा.

७ तारीख, शुक्रवार
यंत्र घरी उचलून आणलं. पडद्यावर आमची गल्ली आली. शेजारचं घर सकाळी होतं. आता बायकोची नोंद, तिच्यानंतर माझी. तिला सगळं सांगितलं. हसली नाही. माझा उजवा हात धरून बसली, म्हणाली, सोडू नका म्हणजे झालं. डाव्या हाताने तिची नोंद साखळीच्या टोकाला न्यायला घेतली — पत्ता टिपला, दोनदा तपासला — पण बोट आधीच तिच्यावर —

८ तारीख
मटार सोलले. एकट्याला एवढे कशाला आणले? वहीत जागोजाग ‘बायको’ लिहिलंय. अक्षर माझंच. माझं लग्न झालेलं नाही.
खिशात एक पत्ता टिपलेला. कुणाचा — तिथे काहीच नाही.
उजवा हात दुखतोय. कुणीतरी घट्ट धरून —

तारीख
पुढे कोणी आहे का?
आहे. मी. नाव बरोबर लिहिलंय, काना-मात्रेसकट. निदान ही वही राहील, वाचणाऱ्याला कळेल की इथे कुणीतरी हो