एकोणीस उत्तरं परत घेताना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे तूर्त सप्तांगच समज आणि एक अंग माफ कर.) तुम्ही सगळे खुशाल आहात ना? भाऊजींचा खोकला, भाचीची परीक्षा, तुमच्या जिन्यातला कायमचा गेलेला दिवा, सगळ्यांची चौकशी एका दमात उरकतो. तुझ्या तब्येतीची मात्र वेगळी चौकशी करतो, आणि "मला काय धाड भरलीय" हे तुझं ठेवणीतलं उत्तर या खेपेला चालणार नाही. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असं समज. खरं सांगायचं तर गेले बारा दिवस माझी पाचावर धारण बसली आहे. वाचनालयात कोणी शिंकलं तरी दचकतो आणि दारावर टकटक झाली की वाटतं, आलं, कोणाचं तरी बरंवाईट झाल्याचं सांगायलाच कोणी आलं. ताई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. एकोणीस माणसांना मी त्यांच्या दुखण्यांबद्दल चुकीचं सांगितलं, तेही छातीठोकपणे, आणि आता ते परत घेत दारोदार हिंडतो आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या समितीने माझ्या गळ्यात 'आरोग्य कोपरा' बांधला, ते तुला आठवत असेल. (मी नको नको म्हणत होतो असं तुला तेव्हा सांगितलं होतं. खोटं आहे. मी हुरळून गेलो होतो.) लोक मोबाइलवर येईल ते वाचतात आणि घरात प्रयोग करतात, त्यांना भरवशाची माहिती मिळावी हा हेतू. खिडकीजवळ एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट. टेबलावर प्रश्नवही. कोणी आरोग्याबद्दल काही विचारलं की त्यात तारीख, प्रश्न आणि कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून उत्तर दिलं ते लिहायचं, हा माझाच नियम. भिंतीवर मी स्वतःच्या अक्षरात चार प्रश्नांची पाटी लावली: हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? सांगण्यात त्याचा काय फायदा? आणखी कोणी जाणकार तेच सांगतो का? कोणी मोबाइल पुढे करून काही दाखवायला लागलं की मी बोलत नसे, नुसतं पाटीकडे बोट दाखवत असे. काय तो माझा तोरा! कोपऱ्यावरच्या शिंप्याला तर मी एकदा सगळ्यांदेखत चारही प्रश्न पाठ म्हणायला लावले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगतो. कपाटात पुस्तकं पुष्कळ आहेत, पण माझा जीव एकाच पुस्तकावर होता. जाडजूड, तपकिरी कापडी बांधणीचं, सातशे पानी, प्रत्येक दुखण्याला स्वतंत्र प्रकरण आणि प्रत्येक प्रकरणात चित्रं. भाषा अशी ठाम की वाचतानाच निम्मं बरं वाटावं. 'बहुधा', 'शक्यतो', 'डॉक्टरांना विचारा' अशी पळवाट कुठेच नाही. (हेच खरं तर मला खटकायला हवं होतं, पण मला तेच आवडत होतं.) कोणीतरी देणगी दिलेलं. आत आमचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांक, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. 'कधी सांगितलं' या प्रश्नाचं उत्तर मी त्या शिक्क्यावरून घेतलं. वाचनालयात उभा जन्म काढलेला माणूसच ही चूक करू शकतो, ताई, कारण आमच्या लेखी पुस्तक जन्मतं ते शिक्का बसतो त्या दिवशी. त्याआधी ते जगात होतं हे आमच्या ध्यानातच येत नाही.

बारा दिवसांपूर्वी मी नाकातून रक्त आलं तर काय करावं यावर जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. चाळीस-बेचाळीस माणसं जमली. शिंप्याला खुर्चीत बसवलं, (तो माझ्यावरचा जुना राग विसरून आला होता, हा त्याचा मोठेपणा) आणि पुस्तकातल्या चित्राप्रमाणे त्याची मान चांगली मागे वाकवून छताकडे बघायला लावलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून, घरोघर फिरून लहान मुलांची वजनं घेतात त्या नर्सबाई उठल्या, सरळ पुढे आल्या, आणि शिंप्याचं डोकं धरून पुढे वाकवलं. "मागे नाही, पुढे. मागे केलं की रक्त घशात उतरतं. नाकाचा हा मऊ भाग चिमटीत धरायचा, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही." मी मंद हसून पुस्तक पुढे केलं. त्यांनी पान उलटलं, मग आणखी एक उलटलं, आणि एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, रोग्याच्या उशाशी बसलेल्या या डॉक्टरच्या हातात काय आहे? मी म्हटलं, पेन्सिल. त्या म्हणाल्या, पेन्सिलीतून धूर निघतो का? चाळीस माणसं खदखदून हसली. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

सगळे पांगल्यावर बाईंनी ओला कापूस मागितला. आमचा बाइंडर पुठ्ठा मजबूत व्हावा म्हणून पहिलं पान आतल्या बाजूने त्याला चिकटवून टाकतो, ही त्याची जुनी खोड. ते पान बाईंनी भिजवून, नखाने अलगद सोडवलं. छपाईचं साल निघालं. ताई, ते पुस्तक माझ्याहून सहा वर्षांनी मोठं आहे. म्हणजे थेट तुझ्या वयाचं! बाईंनी प्रश्नवही ओढून घेतली आणि त्या पुस्तकावरून दिलेल्या उत्तरांवर एकेक करत लाल खुणा केल्या. एकोणीस झाल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या की उद्या सकाळी नऊला तयार राहा, ज्यांना सांगितलंय त्यांना तुम्हीच तोंडाने सांगायचं, मी सोबत येते.

तेव्हापासून आमची वरात निघते आहे. पुढे त्या, हातात पेटी, मागे मी, काखेत प्रश्नवही. चुकीचं सांगायला मला एक मिनिट लागलं होतं, पण परत घ्यायला अर्धा अर्धा तास लागतो. इस्त्रीवाल्याला मी भाजल्यावर लोणी चोपडायला सांगितलं होतं. तो म्हणे, गुण आला की साहेब, आता आमच्या सगळ्या नातेवाइकांत हाच उपाय चालतो. बाईंनी त्याला नळाखाली हात धरून वीस मिनिटं कशी मोजायची ते दाखवलं आणि त्याच्या नातेवाइकांची यादी करून घेतली. (त्या यादीतली माणसं एकोणिसांत धरलेली नाहीत. धरली तर मी हे पत्र पुरं करू शकणार नाही.) एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मी ताप आल्यावर तीन पांघरुणं घेऊन घाम काढायला सांगितलं होतं. त्यांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे मागच्या वेळी तुम्ही खरं बोलत होता की आत्ता बोलता आहात? नर्सबाईंनीच त्यांना सांगितलं, माझ्यावरही एकदम विश्वास ठेवू नका, दवाखान्यात जाऊन तिसऱ्या माणसाला विचारा.

आणि मग कुलूपवाले. त्यांना मी काय सांगितलं होतं ते एकदाचं लिहूनच टाकतो. रक्तदाबाची गोळी चालू होती, बरं वाटत होतं, गोळी सोडू का म्हणून विचारायला आले होते. पुस्तकात होतं की बरं वाटू लागल्यावर शरीराला औषधाची सवय लावू नये. मी पानासकट वाचून दाखवलं. पाच महिने त्यांनी गोळी घेतलेली नाही. आम्ही गेलो तेव्हा ते किल्ली घासत बसले होते, चांगले हसतमुख. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग आवाज अगदी साधा ठेवून म्हणाल्या, चला, दुकान बंद करू, आपण जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. त्या साध्या आवाजाने माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळं आयुष्य कुलपं विकणाऱ्या त्या माणसाच्या दुकानाला मी कुलूप लावलं, तेही चौथ्या खेपेला लागलं. दवाखान्याच्या बाकावर तीन तास मी भिंतीवरच्या फरश्या मोजत होतो. वेळेवर आणलंत असं डॉक्टर म्हणाले. आता ते घरी आहेत, गोळी चालू आहे. काल भेटायला गेलो तर माझा हात हातात घेऊन म्हणतात कसे, तुम्ही होतात म्हणून वाचलो. मी रस्ताभर रडत आलो.

पुस्तक आता समितीच्या कपाटात कुलूपबंद आहे. कोपऱ्यात दर बुधवारी नर्सबाई बसतात, मी फक्त खुर्च्या मांडतो आणि त्या सांगतात ते वहीत लिहितो. मला ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' असं लिहायला शिकलो. (पहिल्यांदा लिहिलं तेव्हा घाम फुटला होता.) एकोणीसही घरं झाली, एकोणीसही खुणांपुढे भेटीची तारीख पडली. तरी माझी भीती तसूभर कमी झालेली नाही, कारण एक उत्तर वहीत नाहीच, आणि त्या घरी जायला माझा पाय उचलत नाही.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
धाकटा

ता. क. वहीत नाही, कारण तो प्रश्न टेबलाशी आला नव्हता, रविवारी घरी फोनवर आला होता. सात महिने झाले. तू पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होतीस आणि बोलता बोलता म्हणालीस, काखेत एक गाठ लागतेय हाताला, वाटाण्याएवढी, दुखत मात्र नाही, तुझ्या पुस्तकात काय म्हणतात बघ रे. मी सोमवारी मुद्दाम फोन करून वाचून दाखवलं: जी गाठ दुखत नाही तिची चिंता करण्याचे कारण नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, घरात एक शिकलेलं माणूस असलं की बरं असतं.

ता. क. दुसरा. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की अशा बऱ्याच गाठी साध्याच निघतात, पण ते हाताने तपासून आणि चाचण्या करूनच कळतं, आणि दुखत नाही म्हणून थांबायचं तर मुळीच नाही. मी बारा दिवस उशीर केला. आधी परक्यांची घरं केली आणि तुझं मागे ठेवलं, कारण तुला काही होईल हा विचार मला करवत नव्हता. मी भित्रा आहे, ताई. मला शिव्या घाल, पण तपासून घे.

ता. क. तिसरा. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं, बघू" म्हणून परत पडद्यांवर गेली असतीस, आणि समोर येऊन बोललो असतो तर माझ्याने बोलवलं नसतं. म्हणून हे पत्र. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. दाराखालून मीच सरकवलं आहे. अकराची वेळ घेतली आहे, बाई डॉक्टर आहेत, नर्सबाई खाली गाडीत बसल्या आहेत, आणि मी तुझ्या दाराबाहेर जिन्यात उभा आहे. कपडे बदलत बसू नकोस. चपला घाल आणि दार उघड.