उसाच्या बांधीतला पांढरा थर

१० जानेवारी
आजपासून डोकं शांत ठेवायचं. बीपी आहे म्हणे. सकाळी वावरात गेलो तर उसात पांढरा थर! चाखला. खारट. धुऱ्याच्या बांधापलीकडे धाकट्या भावाचा, कुंदनचा ऊस हिरवागार आणि माझा पिवळा. केस क्लिअर आहे. हरामखोर माझ्या वावरात मीठ टाकतो.

११ जानेवारी
कुंदनला शांतपणे विचारलं. फावडं नुसतं आधाराला नेलं होतं. तो हसला. म्हणे, दादा, उसातबी धानावानी पानी उभं ठेवून राहिला तू, खालचा खार वर येनारच ना! मला शिकवतो? जन्म धानात गेला माझा. पाणी घोट्याच्या वर नसेल तर ती बांधी कसली! फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर आपोआप बसला. त्याने मला चिखलात दाबून धरलं. नाकातोंडात खारं पाणी. मॅच ड्रॉ. समोरचा दात हलतोय.

२४ जानेवारी
कृषी सहायक रुचिता मॅडमनी माती तपासून आणली. जमीन खारवून चोपण होऊन राहिली काका, म्हणे. पाणी तोडा, चर खोदा, युरिया कमी करा, उसाचं वाळलं पाचट जाळू नका, कुजू द्या. मीठ टाकणाऱ्याचं नाव विचारलं, तर माझ्याकडेच बघत बसल्या. कुंदनने सेटिंग केलेली दिसते.
रंजिता जेवताना म्हणाली, औंदा तोडल्या उसाच्या बुडातून खोडवा नाही फुटला, त वावर भाऊजीले देऊन टाकीन. वावर तिच्या नावावर, सासऱ्यांनी दिलेलं. पण बायको बोलते तसं करत नसते.

१६ फेब्रुवारी
ऊस तुटला. वजन कमी भरलं. कारखान्याचा काटा खराब असणार.
पहाटे वावरात कोणीतरी वाकून चर खोदत होतं. माझं पाणी चोरतोय! ढेकूळ नेम धरून पाठीत हाणलं. रंजिता निघाली. काहून मारता जी, एवढंच बोलली आणि कुदळीचा दांडा माझ्या नडगीवर घातला. टाके पडले. डॉक्टरला बैलाने मारलं सांगितलं.
संकल्प: बायकोवर हात उचलायचा नाही. लांबूनसुद्धा.

१८ फेब्रुवारी
लंगडत जाऊन चर बुजवला. युरिया डबल. पाणी फुल्ल. आता बघतोच खोडवा कसा फुटत नाही.

५ मार्च
वरून पाणी तोडलं कुणीतरी, वावर कोरडं. पाचट पेटवलं. सायंटिफिक कारण: कीड मरते. वारा फिरला. भुवया गेल्या. जे चार कोंब फुटले होते तेही भाजले. कुंदन गोणपाट घेऊन आग विझवायला धावला. मला वाटलं, पसरवतोय. मनगटाला कडकडून चावलो. त्याने दोन कानाखाली दिल्या आणि परत विझवायला लागला. हलणारा दात त्याच्या मनगटात राहिला. माझी सरशी.

२ एप्रिल
खोडवा नाही फुटला. उन्हाळा कडक आहे, दुसरं काही नाही. रंजिताने वावर कुंदनला दिलं. खरंच दिलं.
काठी घेऊन गेलो. दोघं चर खोदत होते. एकेकाचा मुडदाच पाडतो म्हणून बांधावरून ओरडलो. काठी उगारली. कुणी वर बघितलं नाही. हात दुखायला लागला तरी उगारून उभा होतो. कुदळी चालूच.
शेवटी रंजिता म्हणाली, मान खालीच, पाय काढा जी, चर तेथूनच जाते.
मी पाय काढला.