ठमीची शाळा, माझी बदली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (भाऊजींचे विचारत नाही; ते खुर्चीतून उठतच नाहीत, तेव्हा त्यांचे ठणठणीतच असणार.) आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं डोकं फिरायचं तेवढं बाकी आहे आणि त्याला कारण तुझी भावजय.

ठमी यंदा पहिलीत जाणार. बाप सरकारी शाळेत मास्तर, शाळा हाकेच्या अंतरावर, फी नाही, पुस्तकं फुकट. मग पोरीनं कुठे जावं? शेंबडं पोरही सांगेल. पण तुझ्या भावजयीला स्वप्नं पडतात ती मोठ्या रस्त्यावरच्या खाजगी शाळेची, जिथला शिपाईसुद्धा टाय लावतो. मी तत्त्वाचा माणूस, पण घरात तत्त्वाला विचारतो कोण? मला फरफटत मुलाखतीला नेलं. हो, तिथे मुलाखत आईबापांचीही असते! गुबगुबीत सोफ्यावर बसवलं (मी त्यात इतका रुतलो की प्राचार्याबाई आल्या तरी उठता येईना) आणि विचारलं, मुलीला दर्जेदार वेळ देता का? मी म्हटलं, वेळ देतो, दर्जाचं तिनं बघावं. बायकोनं चिमटा काढला. मग ठमीला विचारलं, बाबा काय करतात? कार्टी म्हणते, "बाबा रोज शाळेत जातात. त्यांना अजून काही येत नाही ना!" आणि एवढ्यावर तिला प्रवेश मिळाला, ताई. यावर मी काय बोलू?

आता खरं संकट ऐक. आमच्या पहिलीला यंदा मुलंच नाहीत. वर्ग भरला नाही तर तो बंद आणि माझी बदली, तीही इतकी लांब की ठमी मला काका म्हणायला लागेल. म्हणून आमच्या मोठ्या बाई मला घेऊन दारोदार मुलं मागत निघाल्या. शिंप्याच्या दाराशी मी म्हटलं, इथे मूल नाही, पुढे चला. (का कोण जाणे, त्या घरात जाऊ नये असं वाटत होतं. काही माणसांना आतून कळतं.) तेवढ्यात शिंप्याच्या बाळ्यानं आत भोकाड पसरलं आणि बाई तडक आत शिरल्या. मग काय, मी नेहमीचं भाषण सुरू केलं: मोकळं मैदान, अनुभवी शिक्षक, घरच्यासारखं वातावरण. शिंप्यानं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवरचा कोट माझ्यापुढे धरला. निळा, सोनेरी बिल्ल्याचा, खाजगी शाळेचा, ठमीच्या मापाचा. म्हणाला, "मास्तर, बाही जरा लांब ठेवू का? पोरं वाढतात." बाईंनी आधी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यापेक्षा त्यांनी ओरडायला हवं होतं. शिंपीण शांतपणे म्हणाली, "तुमची ठमी जाईल तिथं आमचा बाळ्या." आता सगळी गल्ली हेच म्हणते. मला न विचारता कोट शिवायला टाकणाऱ्या तुझ्या भावजयीमुळे माझी अशी शोभा झाली.

ताई, चेष्टा बाजूला ठेवतो. मला बदलीची खरंच भीती वाटते. ठमीला रोज पाहिल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझी भावजय फक्त तुला वचकून असते. तिला चार खडे शब्द लिही की ठमीला सरकारी शाळेतच घाल. वर्ग टिकेपर्यंत घालू, नंतर बघू. (हे 'नंतर बघू' तेवढं तू लिहू नकोस.)

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मला कसलीही स्वप्नं पडत नाहीत. ठमीला यांच्या शाळेत घालू, असं मी पहिल्यापासून म्हणत होते. मुलाखतीला मला यांनी नेलं. कोटाचं माप द्यायलाही हेच गेले होते. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आमच्या शाळेत काय शिकवतात ते मला माहीत आहे. मीच शिकवतो." आज सकाळी जाऊन ठमीचं नाव यांच्या वर्गात घालून आले, कायमचं. शिंपीण बाळ्याला घेऊन बरोबर आली, गल्लीतल्या बाकीच्या बायकाही आल्या. वर्ग भरला, बदली टळली. पण आता यांना शिकवावं लागेल, पोटची पोर समोर बसणार आहे. मोठ्या बाईंना गप्प राहायला सांगितलंय. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. यांना अजून कुणीच काही सांगितलेलं नाही. सोमवारी हजेरी घेतील तेव्हा कळेल.